नावाची पाटी काढली, कुलूप लावायचे राहिले

‘हिडन’ वायफायला संगणक कसा जोडावा आणि त्या लपवालपवीवर कितपत विसंबावे

मुंबई, प्रतिनिधी

घाटकोपर पूर्वेच्या पंतनगरमधील म्हाडा वसाहतीत, गरोडिया नगरच्या इमारतींत किंवा पश्चिमेला भटवाडी आणि असल्फ्याच्या दाट वस्तीत लॅपटॉप उघडून वायफायची यादी पाहिली, की शेजाऱ्यापाजाऱ्यांची नेटवर्क एकाखाली एक हजर होतात. कुणी आपले आडनाव दिलेले असते, कुणी खोलीचा क्रमांक, तर कुणी राउटरच्या खोक्यावर छापलेले नाव तसेच ठेवलेले असते. या यादीच्या तळाशी अनेकदा ‘हिडन नेटवर्क’ अशी एक निनावी ओळ दिसते. नेटवर्क आहे, लहरी येत आहेत, पण नाव मात्र नाही. त्या ओळीवर टिचकी मारली, तर संगणक आधी नाव विचारतो आणि मगच पासवर्ड मागतो.

ज्या घरात किंवा कचेरीत असे लपवलेले नेटवर्क आहे, तेथे नवा संगणक आणला की पहिला प्रश्न पडतो तो जोडणीचा. त्याचे उत्तर सोपे आहे आणि ते पुढे दिलेच आहे. दुसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. नाव लपवून नेमके साधले काय? यादीत नाव दिसत नाही, म्हणजे आपली जोडणी सुरक्षित झाली, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. असुरक्षित वायफायची किंमत मुंबई परिसराने २००८ मध्ये अनुभवलेली असल्यामुळे ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

सानपाडा, माटुंगा, चेंबूर

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. ५६ जणांचा बळी घेणाऱ्या या स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचली. तेथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. ईमेल त्याने पाठवला नव्हता. त्याच्या घरातील असुरक्षित वायफाय जोडणीचा दुसऱ्याच कुणी वापर केला होता. त्याचा कटाशी संबंध आढळला नाही. पण तोपर्यंत पोलिसांच्या चौकशीचे, संशयाचे आणि प्रसिद्धीचे ओझे त्यालाच वाहावे लागले.

त्यानंतर महिनाभरात, २३ ऑगस्ट रोजी, तशाच स्वरूपाचा दुसरा ईमेल गेला. त्याचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायपर्यंत लागला. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळच्या ईमेलसाठी चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफाय जोडणीचा वापर झाल्याचे निष्पन्न झाले. चेंबूर हे घाटकोपरच्या अगदी शेजारचे उपनगर. दूर कुठेतरी घडणारी वाटणारी गोष्ट रेल्वेच्या एखाद-दुसऱ्या स्थानकाच्या अंतरावर येऊन ठेपली होती.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यांवर फिरून उघडी वायफाय जोडणी शोधण्याची मोहीम हाती घेतली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना जारी केल्या. वायफाय ही केवळ सोय नसून जबाबदारीही आहे, हे सामान्य ग्राहकाला तेव्हा प्रथम जाणवले.

पोलीस ग्राहकाच्याच दारात का येतात, हे समजून घेण्यासारखे आहे. घरातील राउटरला इंटरनेट कंपनीकडून बाहेरच्या जगात वापरण्याचा एक पत्ता मिळतो. घरातले संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच अशी सगळी साधने त्या एकाच पत्त्याआडून इंटरनेटवर जातात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो हा पत्ता, आतले साधन नव्हे. त्यामुळे शेजारच्या जिन्यात किंवा खाली रस्त्यावर बसून कुणी त्या राउटरला जोडून घेतले, तरी कंपनीच्या नोंदवहीत नाव निघते ते बिल भरणाऱ्या ग्राहकाचेच.

या धास्तीतूनच ‘नाव लपवा’ हा सल्ला लोकप्रिय झाला. राउटर बसवायला येणारा तंत्रज्ञ तो देई, संगणकातले थोडेफार जाणणारा भाचा किंवा पुतण्याही देई. राउटरच्या पानावर एका चौकोनातील खूण काढली की काम भागते, म्हणून तो पाळायलाही सोपा होता. तो अपुरा का आहे, हे कळण्यासाठी आधी वायफायचे नाव हवेत कसे पसरते ते पाहावे लागेल.

नाव हवेत कसे पसरते?

वायफायचे मूळ मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रत्येक नेटवर्कला एक नाव असते. तांत्रिक भाषेत त्याला ‘एसएसआयडी’ म्हणतात. हे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटचे, म्हणजे इंग्रजीत लिहिल्यास ३२ अक्षरांचे असू शकते. देवनागरीतील एकेका अक्षरचिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात, म्हणून मराठी नाव त्याहून बरेच आखूड ठेवावे लागते.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडतो. ‘मी येथे आहे, माझे नाव अमुक, माझ्याशी जोडून घ्यायचे तर या पद्धतीने बोला’ असा त्याचा मथितार्थ असतो. याला ‘बीकन’ म्हणतात. संगणकाच्या यादीत जी नावे दिसतात, ती या संदेशांतून उचललेली असतात.

नाव लपवण्याची सोय चालू केली, तर राउटर बोलायचे थांबत नाही. तो तोच संदेश त्याच गतीने पाठवत राहतो. फक्त नावाची जागा कोरी ठेवतो. त्याचा यंत्र-पत्ता, तो कोणत्या वाहिनीवर म्हणजे चॅनेलवर आहे, सुरक्षेची कोणती पद्धत वापरतो, हा सारा मजकूर त्या संदेशात पूर्वीसारखाच असतो. म्हणूनच संगणकाच्या यादीत ‘हिडन नेटवर्क’ ही ओळ उमटते. जे खरोखर अदृश्य असते, त्याची ओळसुद्धा दिसली नसती. दारावरची नावाची पाटी काढली म्हणून घर नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार.

संगणक जोडायचा कसा?

नेहमीच्या नेटवर्कमध्ये राउटर नाव सांगतो आणि संगणक ते ओळखतो. लपवलेल्या नेटवर्कमध्ये हा क्रम उलटा होतो. राउटर गप्प असल्यामुळे संगणकालाच पुढाकार घेऊन ‘अमुक नावाचे नेटवर्क येथे आहे का?’ असे विचारावे लागते. त्यासाठी संगणकाला तीन गोष्टी आधी सांगाव्या लागतात: नेटवर्कचे नेमके नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड. कोणताही संगणक असो, या तीन गोष्टी हाताशी असल्या की पुढचे काम दोन मिनिटांचे आहे.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘वाय-फाय’ आणि पुढे ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ येथे जावे. तेथील ‘अॅड नेटवर्क’ हे बटण दाबले की एक चौकट उघडते. तीत नाव लिहावे, सुरक्षेचा प्रकार निवडावा आणि पासवर्ड टाकावा. खाली दोन पर्याय असतात. आपोआप जोडणी व्हावी यासाठी पहिला. आणि नेटवर्क आपले नाव जाहीर करत नसले तरी जोडणी व्हावी यासाठी दुसरा. लपवलेल्या नेटवर्कला कायम आपोआप जोडले जायचे असेल, तर दोन्हींवर खूण करावी लागते. दुसऱ्या पर्यायाची किंमत काय, ते पुढे स्पष्ट होईल. याहून जवळचा मार्ग म्हणजे पडद्याच्या खालच्या पट्टीवरील वायफायच्या चिन्हावर टिचकी मारून यादीतील ‘हिडन नेटवर्क’ निवडणे आणि विचारल्याप्रमाणे आधी नाव, मग पासवर्ड देणे.

अॅपलच्या मॅक संगणकावर वायफायच्या यादीच्या शेवटी ‘अदर’ हा पर्याय असतो. तो निवडून हीच माहिती भरावी. लिनक्सच्या बहुतेक रूपांत नेटवर्कच्या यादीजवळच लपवलेल्या नेटवर्कला जोडण्याचा स्वतंत्र पर्याय मिळतो. आयफोनवर ‘सेटिंग्ज’मधील वायफायच्या यादीखाली ‘अदर’ असते. अँड्रॉइड मोबाइलवर ‘अॅड नेटवर्क’ निवडून, प्रगत पर्यायांत नेटवर्क लपवलेले असल्याचे सांगावे लागते.

जुन्या संगणकांवरची रीत थोडी निराळी होती. विंडोज एक्सपीमध्ये बिनतारी जोडणीच्या गुणधर्मांच्या चौकटीत जाऊन पसंतीच्या नेटवर्कच्या यादीत नाव हाताने भरावे लागे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने ‘अननेम्ड नेटवर्क’ अशी ओळ यादीत दाखवायला सुरुवात केली. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१४ मध्ये, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. असे संगणक अजून वापरात असतील, तर जोडणीच्या आधी त्यांच्या सुरक्षेचाच विचार करणे इष्ट.

जोडणी न झाल्यास

सर्व भरूनही ‘नेटवर्क सापडले नाही’ असा संदेश आला, तर बहुतेक वेळा चूक नावात असते. नावातील मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे वेगवेगळी मानली जातात. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा नावाचा भाग धरली जाते. उभी रेघ आणि आडवी रेघ, शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि इंग्रजी लहान ‘एल’ यांत गफलत हमखास होते. दृश्य नेटवर्कमध्ये नाव टंकावेच लागत नाही, त्यामुळे ही चूक संभवत नाही. लपवलेल्या नेटवर्कमध्ये मात्र एका अक्षराचीही सूट नाही.

दुसरे कारण सुरक्षेच्या प्रकाराचे. राउटर ‘डब्ल्यूपीए२’ वापरत असताना संगणकात दुसराच प्रकार निवडला, तर नाव आणि पासवर्ड अचूक असूनही जोडणी होत नाही. तिसरे कारण लहरींच्या पट्ट्याचे. वायफाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालते. जुन्या लॅपटॉपला कित्येकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. लपवलेले नाव ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर असा लॅपटॉप ते कितीही वेळा शोधो, त्याला उत्तर मिळणार नाही. तीनही गोष्टी राउटरच्या पानावर तपासून घेतल्या, की तंत्रज्ञाला बोलावण्याची वेळ सहसा येत नाही.

लपलेले नाव उघडे कसे पडते?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. राउटर नाव सांगत नाही. पण जोडून घेणाऱ्या प्रत्येक साधनाला ते उच्चारावेच लागते. संगणक विचारणा करतो तेव्हा त्या विचारणेत नाव असते. राउटर होकार देतो तेव्हा त्या होकारातही नाव असते. जोडणीच्या अर्जातही ते पुन्हा येते. हे सारे संदेश पासवर्डची देवाणघेवाण होण्यापूर्वीचे असतात, म्हणून ते कूटभाषेत नसतात. आसपास ऐकत बसलेल्या कुणालाही ते जसेच्या तसे वाचता येतात.

घरातला एखादा मोबाइल बाहेरून आला, लॅपटॉप झोपेतून जागा झाला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला, की दर वेळी ही प्रश्नोत्तरे होतात. माहीतगाराला फक्त थोडा वेळ थांबायचे असते. थांबायचीही तयारी नसेल, तर जुन्या पद्धतीच्या राउटरच्या नावाने जोडणी तोडण्याचा खोटा संदेश पाठवता येतो; साधन बिचारे पुन्हा जोडणी करू पाहते आणि नाव उच्चारून बसते. हे खोटे संदेश ओळखण्याची तरतूद मानकात २००९ मध्ये आली आणि ‘डब्ल्यूपीए३’मध्ये ती सक्तीची झाली, पण नाव उघड होण्याचा मार्ग तिने बंद होत नाही. लपवलेली नावे टिपून दाखवणाऱ्या मोफत आज्ञावली या शतकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध आहेत.

म्हणजे, नाव लपवल्याने ते कुणापासून लपते? केवळ यादी पाहून पुढे जाणाऱ्या साध्या शेजाऱ्यापासून. ज्याच्यापासून खरोखर जपायचे, त्याला ते काही मिनिटांत कळू शकते.

बोलका होतो तो आपलाच संगणक

या व्यवहाराची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. राउटर गप्प असल्यामुळे संगणकाने विचारत राहायचे, हे ठरले. पण आपण घरी आहोत की बाहेर, हे संगणकाला कुठे ठाऊक? नाव जाहीर होत नसले तरी जोडून घ्यावे, अशी खूण केलेला लॅपटॉप घाटकोपर स्थानकाच्या फलाटावर उघडला, मेट्रोत उघडला, एखाद्या हॉटेलात उघडला, तरी घरच्या नेटवर्कला नाव घेऊन हाक मारू शकतो. जे नाव घरी लपवले, ते गावभर पुकारले जाते. ते नाव आडनाव आणि सदनिका क्रमांकाचे असेल, तर हा लॅपटॉप कुणाचा आणि तो माणूस कुठे राहतो, याचा सुगावा ऐकणाऱ्याला लागतो.

यातून आणखी एक धोका उद्भवतो. संगणक कोणत्या नावाच्या शोधात आहे हे कळल्यावर त्याच नावाचे बनावट नेटवर्क उभे करता येते. मूळ नेटवर्कला पासवर्डच नसेल, तर संगणक त्या तोतयाला खुशाल जोडला जातो आणि पुढची सारी वाहतूक त्याच्या हातून जाऊ लागते. पासवर्ड असेल तर तोतयाला तो ठाऊक नसल्याने जोडणी पुरी होत नाही. तथापि त्या अर्धवट संवादावरून पासवर्डचे अंदाज घरी बसून ताडून पाहता येतात. पासवर्ड सोपा असेल, तर तो हाती लागू शकतो.

हे धोके उत्पादक कंपन्यांनाही मान्य आहेत. नाव लपवणे हे सुरक्षेचे साधन नाही, अशी भूमिका मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टाच्या काळातच तांत्रिक टिपणात मांडली होती आणि अशी नेटवर्क न वापरण्याचा सल्ला दिला होता. अॅपलच्या राउटरविषयक शिफारशींतही नाव लपवण्याची सोय बंद ठेवावी असे म्हटले आहे. आयफोनवर लपवलेले नेटवर्क जोडल्यास गोपनीयतेविषयीची सूचना पडद्यावर येते, ती याच कारणाने.

गर्दी कमी होत नाही

नाव लपवल्याने शेजाऱ्यांच्या नेटवर्कचा त्रास कमी होतो किंवा आपला वेग वाढतो, असाही एक समज आढळतो. तोही निराधार आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या १३ असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या नेहमीच्या मांडणीत तीनच: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत किंवा एका मजल्यावर चार-सहा सदनिका असलेल्या इमारतीत या तीन वाहिन्यांवरच अनेक राउटर दाटीवाटीने बोलत असतात. लपवलेला राउटरही त्यात तितकाच वेळ घेतो. वेग हवा असेल, तर जवळच्या साधनांसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. या लहरी भिंतींतून कमी पार होतात, म्हणून शेजाऱ्याचा गोंगाट कमी येतो आणि आपलाही बाहेर कमी जातो.

मग खरे कुलूप कोणते?

वायफायचे कुलूप म्हणजे त्यातील संदेश कूटभाषेत बदलण्याची पद्धत. सुरुवातीची ‘वेप’ ही पद्धत १९९७ च्या मानकातच होती. तिच्यातील मूलभूत दोष २००१ मध्ये तीन संशोधकांनी दाखवून दिला आणि पुढे ती मिनिटांत फोडता येऊ लागली. २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए३’ आली. आज राउटरवर ‘डब्ल्यूपीए३’ असल्यास ती निवडावी; जुनी साधने जोडायची असल्यास ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘डब्ल्यूपीए३’ यांचा संमिश्र पर्याय घ्यावा. ‘वेप’ अजूनही चालू असेल, तर कुलूप नाहीच असे समजावे.

पद्धत कितीही चांगली असली, तरी किल्ली पासवर्डची. ‘डब्ल्यूपीए२’मध्ये तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो. आठ अक्षरांत स्वतःचे नाव आणि जन्मवर्ष किंवा मोबाइलचा क्रमांक ठेवणे, हा अंदाज बांधणाऱ्याचे काम हलके करण्याचाच प्रकार. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र गुंफले, तर पासवर्ड लांबही होतो आणि घरच्यांच्या लक्षातही राहतो.

येथे नावाचा एक खरा उपयोगही सांगितला पाहिजे. ‘डब्ल्यूपीए२’मध्ये पासवर्डपासून किल्ली घडवताना नेटवर्कचे नाव त्यात मिसळले जाते. राउटरच्या कंपनीने दिलेले सर्रास आढळणारे नाव तसेच ठेवले, तर अशा नावांसाठी आधीच तयार करून ठेवलेली कोष्टके पासवर्ड शोधणाऱ्याच्या कामी येतात. म्हणून नाव लपवण्याऐवजी ते बदलणे अधिक श्रेयस्कर. मात्र नवे नाव आडनावाचे, सदनिकेचे किंवा दुकानाचे नसावे.

राउटरला दुसराही एक पासवर्ड असतो, आणि तोच बहुधा विसरला जातो. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर शिरण्यासाठीचा हा पासवर्ड अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. तो ज्याला ठाऊक, त्याला वायफायचा पासवर्ड बदलता येतो आणि सारी वाहतूक दुसरीकडे वळवता येते. तो पहिल्याच दिवशी बदलावा. एक बटण दाबून किंवा आठ आकडे टाकून जोडणी करून देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद ठेवावी. त्या आठ आकड्यांच्या रचनेतील कमकुवतपणा २०११ मध्ये उघड झाला आहे. राउटरची अंतर्गत आज्ञावली, म्हणजे ‘फर्मवेअर’, वेळोवेळी अद्ययावत करावी.

पाहुण्यांची आणि शिकवणीला येणाऱ्या मुलांची सोयही करावी लागते. त्यांना घरचा पासवर्ड देण्यापेक्षा राउटरवरील ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून त्याला वेगळा पासवर्ड द्यावा. त्यामुळे घरातील संगणक आणि त्यावरील कागदपत्रे अलग राहतात. जुना भाडेकरू गेल्यावर, कचेरीतील माणूस नोकरी सोडून गेल्यावर दाराची किल्ली मागून घेतली जाते. वायफायचा पासवर्डही तेव्हा बदलायला हवा.

कायद्याची बाजू

परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे हा केवळ शेजारधर्माचा भंग नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय संगणक किंवा संगणकाच्या नेटवर्कमध्ये प्रवेश केल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नाव लपलेले होते की उघडे, पासवर्ड होता की नव्हता, यावर परवानगी अवलंबून नसते. पण हा कायदा घुसखोर सापडल्यावर कामी येतो. तो सापडेपर्यंत उत्तरे द्यावी लागतात ती जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला, हेच २००८ च्या तिन्ही घटनांनी दाखवले.

लपवायचे की नाही?

एखाद्या संस्थेच्या नियमानुसार नाव लपवलेले असेल, तर वर दिलेल्या पद्धतीने संगणक जोडावा. त्यात अडचण काही नाही. फक्त त्या संगणकावर दुसऱ्या पर्यायाची खूण आहे हे ध्यानात ठेवावे आणि तेथील काम संपले की ते नेटवर्क संगणकाच्या यादीतून ‘फरगेट’ करून टाकावे. लांबलचक पासवर्ड आणि ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ असताना नाव लपवले, तर जोडणी असुरक्षित होते असे नाही. मात्र संगणक बाहेर बोलका होतो आणि प्रत्येक नव्या साधनाला नाव टंकण्याचा ताप होतो. मोबदल्यात मिळते ते नगण्य.

घरासाठी मात्र हिशेब सरळ आहे. नाव दिसू द्यावे, पण त्यातून आपली ओळख दिसू देऊ नये. पासवर्ड लांब ठेवावा, राउटरचा दुसरा पासवर्ड बदलावा, ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे. हे सारे राउटरच्या एकाच सेटिंग्जच्या पानावर होते आणि अर्ध्या तासात उरकते. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील आणि सीसीटीव्हीला जोडलेला राउटर सहसा कुणाच्याच मालकीचा नसल्यासारखा पडून असतो. त्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला होता, एवढा एकच प्रश्न पुढच्या मासिक सभेत सचिवांना विचारला, तरी सुरुवात होईल.